भरल्या बंडीची वाट

वडनेरच्या शिवारात कापसाची उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या, की मृग लागेपर्यंत वावरं मोकळी असतात. हिंगणघाट तालुक्यातलं हे गाव महामार्गाला लागून आहे. जुनी माणसं त्याला अजून सात नंबरचा रस्ता म्हणतात, पाट्यांवर आता ४४ लिहिलेलं असतं. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक रात्रंदिवस धावतात, आणि कधीतरी सकाळी त्याच रस्त्याच्या रेषेत एखादं लहान विमान वरून जातं. नवशिक्या वैमानिकाला नकाशावरची वाट जमिनीवर ओळखायची असते, आणि त्यासाठी मोठा रस्ता आणि नदी यांच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही.

पुढची गोष्ट मी रचलेली आहे. त्यातली माणसं कल्पित आहेत. नियम, आकडे आणि अमेरिकेतल्या दोन घटना मात्र खऱ्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटली.

वडनेरला एक पोरगा होता. नागपूरला कॉलेजात असताना तो एनसीसीच्या हवाई विभागात गेला. तिथे एकाच गणवेशातल्या पोरांना दोन गोष्टी शिकायला मिळतात. एक म्हणजे बाल्साच्या हलक्या लाकडातून मॉडेल विमान घडवणं आणि ते उडवणं. दुसरी म्हणजे, पाळी आली तर, मायक्रोलाइट विमानात प्रशिक्षकाशेजारी बसून स्वतः वर जाणं. या पोराच्या वाट्याला पहिली आली. दुसऱ्या गोष्टीची पाळी यायच्या आत वर्षं संपली आणि तो शेती बघायला घरी परतला. पण हाताला लागलेलं वेड सुटलं नाही. फोमच्या पत्र्यातून त्याने चार फूट पंखांचं विमान कापलं, त्यात मोटर, सर्वो आणि बॅटरी बसवली. सगळं मिळून वजन किलोभरापेक्षा थोडं जास्त. आबाजींचं वावर रस्त्यापासून आत होतं, तारा नव्हत्या, झाडं नव्हती. तिथे तो रोज सकाळी विमान उडवायचा. आबाजी त्याचे सख्खे आजोबा नव्हते, गावातल्या अर्ध्या पोरांचे ते आबाजीच होते.

सकाळचीच वेळ का, हे सांगायला हवं, कारण गोष्टीतला सगळा तंटा तिथून सुरू होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात नऊ-दहा वाजले की काळी जमीन तापते, गरम हवा वर उसळू लागते आणि हलकं काहीही आभाळात स्थिर राहत नाही. किलोभराचं मॉडेल तर भिरभिरतंच, दोन माणसांचं विमानही गचके खातं. म्हणून सूर्य उगवल्यापासूनचे दोन-तीन तास सगळ्यांनाच हवे असतात. आभाळ अफाट आहे असं आपण म्हणतो. पण उपयोगाचं आभाळ थोडं असतं, ते ठरावीक वेळीच मिळतं, आणि त्या वेळी ते सगळ्यांना एकदमच लागतं.

पोराला नियम माहीत होते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आणले, त्यात देशाचं आभाळ हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलं आहे. विमानतळापासून बारा किलोमीटरच्या पलीकडे, जिथे दुसरी मनाई नसेल तिथे, हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी न घेता उडवता येतं. नागपूरचा सोनेगाव विमानतळ वडनेरहून कितीतरी लांब. तेव्हा ४०० फूट आपले, असं पोरगा म्हणायचा. 'आपले' हा शब्द तो फार जोरात म्हणायचा.

त्याच गावची एक मुलगी वैमानिक व्हायला गेली होती. बापाने शेत गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यातला प्रत्येक तास पैशाने मोजावा लागतो. ती कुठल्या संस्थेत शिकत होती, त्याला इथे महत्त्व नाही. महत्त्वाचं हे की चैत्रातल्या एका सकाळी तिचं एकटीचं लांब पल्ल्याचं उड्डाण होतं, शेजारी प्रशिक्षक नव्हता, आणि वाटेत वडनेर येत होतं.

तिलाही नियम माहीत होते. मोकळ्या रानावरून जाताना विमानाने जमिनीपासून ५०० फुटांच्या खाली यायचं नाही, आणि दाट वस्तीवर तर त्याहून बरंच वर राहायचं. हे दोन नियम शेजारी ठेवून पाहिले की त्यांच्यातलं शहाणपण कळतं. मॉडेल ४०० च्या खाली, विमान ५०० च्या वर, आणि मध्ये १०० फुटांची पट्टी कुणाचीच नाही. ती मोकळी सोडली आहे ती माणसाच्या चुकीसाठी. कुणाचा अंदाज थोडा चुकेल, कुणाला मोह होईल, हे नियम करणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. फक्त दोघांचीही चूक एकाच वेळी होईल, हे त्याला धरता येत नाही.

त्या सकाळी तसं झालं. मुलीला खालचा रस्ता दिसला, नाल्याचं वळण दिसलं, शाळेचं छप्पर दिसलं. आई अंगणात असेल, असं तिच्या मनात आलं. आपलं विमान आईने पाहावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने शक्ती कमी केली आणि खाली आली. विमानातला उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, त्यातून जमिनीची उंची वजा करावी लागते. मन घरात गुंतलेलं असताना ही वजाबाकी नीट झाली नाही. तिला वाटलं ५०० च्या वर आहोत. ती त्याच्या बरीच खाली होती.

इकडे पोराने इंजिनाचा आवाज ऐकला. त्याला कळलं होतं की आज ताई जाणार आहे, तिच्या घरूनच निरोप आला होता. आपलं विमान तिने वरून पाहावं, अशी त्याचीही इच्छा. त्याने हातातल्या ट्रान्समीटरची कांडी ओढली आणि मॉडेल चढवत नेलं. खालून बघताना किती फूट झाले ते डोळ्यांना समजत नाही. चार फुटांचं विमान १५० फुटांवर असो की ४५० फुटांवर, मान वर करून बघणाऱ्याला ते फक्त लहान झालेलं दिसतं. त्याला वाटलं ४०० च्या आत आहोत. तो त्याच्या बराच वर होता.

मुलीने घराभोवती डावीकडे वळण घेतलं. तिच्या विमानाचे पंख खिडकीच्या वर होते. अशा विमानात सरळ जाताना खालचं रान छान दिसतं, पण वळण घेतलं की आतला पंख खाली झुकतो आणि ज्या बाजूला आपण वळतो आहोत नेमकी तीच बाजू झाकून टाकतो. पोराचं मॉडेल त्याच बाजूला होतं.

पोराने पाहिलं की पांढरं विमान आपल्या मॉडेलकडे वळतं आहे. त्याला वाटलं, ताईने पाहिलं, ती जवळ येते आहे. मग वाटलं, फारच जवळ येते आहे. मग त्याचे हात थिजले. विमान मॉडेलच्या वरून, थोडं पुढून निघून गेलं. मागच्या हवेच्या झोताने मॉडेल उलटंपालटं झालं, एक पंख मोडला आणि ते धुऱ्यावरच्या पऱ्हाटीच्या गंजीत येऊन पडलं. मुलगी सरळ झाली, वर चढली आणि रस्त्याच्या रेषेत निघून गेली.

तिला काहीच दिसलं नव्हतं. सारं आभाळ रिकामं होतं, असंच समजून ती गेली. आई अंगणात दिसली म्हणून ती खूश होती.

संध्याकाळी घरून फोन गेला तेव्हा तिला कळलं. ती रात्रभर झोपली नाही. सकाळी तिने स्वतःहून प्रशिक्षकाला सगळं सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. त्याने ते तिच्याकडून लिहून घेतलं आणि काही दिवस तिचं एकटीचं उड्डाण बंद ठेवलं. हे तिने केलं नसतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती. चूक कबूल करण्याची ही सवय विमान चालवणाऱ्यांच्या धंद्याने खूप जीव गमावून लावून घेतली आहे. ती आपल्या बाकीच्या धंद्यांतही यायला हवी.

गावात मात्र दोन तट पडले. एक म्हणे, विमान मोठं म्हणून काय आभाळ तिचं झालं? पोरगा आपल्या गावात, आपल्या वावरात उभा होता. दुसरा म्हणे, हा खेळण्यासाठी पोरीचा जीव घेतो का? पहिल्याने ५०० फुटांचा नियम सांगावा, दुसऱ्याने ४०० फुटांचा. दोघांचाही नियम बरोबर होता, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

आता थोडं थांबून बाहेरचं सांगतो, म्हणजे हे गावातलं पोरखेळाचं भांडण नव्हतं हे कळेल. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दुहेरी पंखांचं एक लहान विमान धावपट्टीवरून कमी उंचीने जात असताना एका मोठ्या मॉडेल विमानावर आदळलं. माणसं भली, आभाळ निरभ्र, जागा दोघांच्याही माहितीची. मॉडेलचा चुराडा झाला, विमानाच्या पंखाला मार बसला, वैमानिकाने ते सुखरूप उतरवलं. दुसरी घटना जानेवारी २०२५ मधली. लॉस एंजेलिसजवळ डोंगर जळत होते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातून आलेलं पाणी टाकणारं विमान आग विझवत होतं. एका माणसाने आग बघायची म्हणून आपला छोटा ड्रोन तिकडे पाठवला. तो दूर गेला, त्याच्या नजरेआड झाला आणि त्या विमानाच्या पंखाला भोक पाडून गेला. ड्रोनचं वजन पाव किलोच्याही आत. विमान उतरलं, पण काही दिवस जमिनीवरच राहिलं, आणि आग तर तशीच जळत होती. त्या माणसाने पुढे गुन्हा कबूल केला. दोन्ही घटनांत कुणाचा कुणाशी द्वेष नव्हता. कुणाला कुणाचं नुकसान करायचं नव्हतं.

हनुमान जयंतीला मुलगी गावी आली. महाप्रसाद झाल्यावर मारुतीच्या पारावर माणसं बसली होती, तिथे विषय निघालाच. पोराने मोडका पंख आणलेला होता. तो म्हणाला, "ताई, तू पाहून बी वळली."

ती म्हणाली, "मी पाहिलंच नाही रे."

"इतकं मोठं विमान?"

"तुला ते मोठं. मला समोरून येताना त्याची काय जाडी दिसेल? इंचभर फोम. अरे, माझं विमान सेकंदाला पन्नास मीटर जातं. समोर काही आहे हे दिसायचं, ते काय आहे हे ओळखायचं, कुठे वळायचं ते ठरवायचं, मग विमानाने वळायचं. या सगळ्याला बारा-एक सेकंद लागतात असं आम्हाला शिकवतात. म्हणजे सहाशे मीटरवरून दिसायला हवं. सहाशे मीटरवरून तुझा फोम दिसतो का सांग. आणि जे नेमकं आपल्यावर आदळणार असतं ना, ते काचेवर हलतही नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं, आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठं होतं. हलणाऱ्या वस्तूवर डोळा जातो, न हलणाऱ्यावर जात नाही."

पोरगा गप्प झाला. पण त्याच्या बाजूचा एक जण बोलला, "मग तिच्या डोळ्याले दिसत नाही म्हणून यानं खेळणंच बंद करावं काय?"

तेव्हा आबाजी बोलले. त्यांनी विमानात पाय ठेवलेला नव्हता आणि मॉडेलला ते पाखरू म्हणत.

"हे पाय पोरा, आमच्या वक्ताले या पांदणीनं आमी हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेत जावो. रातच्यालेच बंडी जुपा लागे. पांदण एवढी अरुंद की एकच बंडी मावे. समोरून रिकामी बंडी आली तं कोन थांबे?"

"रिकामी," पोरगा म्हणाला.

"कायले?"

"भरल्या बंडीत वजन जास्त. तिचा मान मोठा."

"मानाचं काई नसे बाप्पा. भरली बंडी सावकाराची राहो की गरिबाची, नेम एकच. कापूस डोक्याच्या वर रचला राहे, मानूस त्याच्यावर बसे. बैलाच्या शिंगापुढचं त्याले काईच दिसे ना. आन बैल उतारावर लागले तं कासरा ओढून बी थांबत नसत. रिकाम्या बंडीवाल्याले मात्र सारं दिसे, आन तो जाग्यावर थांबू बी शके. मंग ज्याले दिसते आन ज्याले थांबता येते, त्यानं वावरात उतरावं. लहान म्हून नाही. दिसते म्हून."

पोराने मोडका पंख मांडीवर ठेवला. आपल्याला इंजिनाचा आवाज दोन मिनिटं आधीपासून येत होता, हे त्याला आठवलं. आपले दोन्ही पाय जमिनीवर होते. आपल्याला सगळं दिसत होतं. आणि आपलं मॉडेल पडलं तर महिनाभराची मेहनत जाते, तिचं विमान पडलं तर ती जाते. कायद्यातही हेच लिहिलं आहे: माणूस बसलेल्या विमानाचा वाटेचा हक्क बिनमाणसाच्या यंत्राने मोडू नये आणि त्याच्यापासून दूर राहावं. पोराने ते वाचलं होतं. मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी केलेला नियम, असं त्याला वाटलं होतं. त्यामागचं कारण त्याला पारावर बसून कळलं.

ज्यांना आपली बाजू जिंकली असं वाटलं होतं, ते उठू लागले. आबाजींनी हात वर केला.

"बसा. माह्यं झालं नाही. पोरी, तुलेही सांगतो. भरली बंडी हाकणाऱ्याले वाट भेटे, पन फुकट नाही भेटे. बैलाच्या गळ्यात घाट्या बांधल्या पायजेत, आसाखाली कंदील टांगला पायजे, म्हंजे मी येऊन राह्यलो हे समोरच्याले लांबून समजे. आन चाकोरी सोडाची नाही. भरली बंडी चाकोरी सोडून कोनाच्या पऱ्हाटीत घुसली, तं थे भरली हाय म्हून कोनी माफ नसे करत. लोकाईनं आपल्याले वाट देली, तं आपन त्या वाटेनंच जावं ना माय."

मुलगी म्हणाली, "आबाजी, मी चाकोरी सोडली. आईला दिसावं म्हणून सोडली."

"आईले पाह्यचं तं पायी येत जाय घरी," आबाजी म्हणाले, "थे कुठं पळून चालली?"

बोध म्हणून सांगायचं ते एवढंच आहे आणि ते आबाजींनी सांगून टाकलं. ज्याला दुसरा दिसतो त्याने वाट द्यावी, आणि ज्याला वाट मिळते त्याने आपण येतो आहोत हे आधी कळवून ठरल्या वाटेनेच जावं. यातला पहिला भाग लोकांना सांगणं सोपं असतं, कारण तो लहानाला लागू होतो. दुसरा भाग सांगायला आबाजींसारखं माणूस लागतं. माझ्या मते हा दुसरा भाग नसेल तर पहिल्याला काही अर्थ नाही. वाट देणाऱ्याला जर हे कळत नसेल की समोरचा कधी येईल, किती उंचीवरून येईल, तर तो बिचारा देणार काय? जन्मभर आपलं पाखरू पेटीत ठेवणार?

पोराने आणि मुलीने त्याच दुपारी बसून ठरवलं. अडचण अशी होती की दोघांकडेही रेडिओ होता आणि तरी एकमेकांना ऐकू येत नव्हतं. विमानाचा रेडिओ एका पट्ट्यात बोलतो, तर मॉडेलचा २.४ गिगाहर्ट्झवर, आणि तोही फक्त आपल्या मॉडेलशी. तेव्हा आभाळातलं बोलणं जमिनीवरच करून ठेवायला हवं होतं. मुलगी म्हणाली, माझा मार्ग आदल्या संध्याकाळी ठरतो. वडनेरवरून असेल तर मी वेळ कळवीन. माझ्याच नाही, बरोबरच्या पोरांच्याही. आणि यापुढे गावावरून हजार फुटांच्या खाली येणार नाही. पोराने मॉडेलमध्ये हवेच्या दाबावरून उंची मोजणारा छोटा तुकडा बसवला. ठरावीक उंचीवर गेलं की हातातल्या ट्रान्समीटरमध्ये घंटी वाजायची. ती त्याने ३०० फुटांवर लावली. ४०० ची सूट होती, पण आता त्याला शंभर फूट मोकळे सोडण्यातली गोम कळली होती. शिवाय त्याने एकट्याने उडवणं सोडलं. मॉडेल उडवणाऱ्याची नजर मॉडेलला खिळलेली असते, बाकीचं आभाळ त्याला दिसत नाही. म्हणून एक धाकटा पोरगा पाठीशी उभा राहायचा, त्याचं काम मॉडेलकडे न बघता बाकी सगळीकडे बघणं आणि ऐकणं. हे काम सगळ्यांत कठीण निघालं. मॉडेल गिरक्या घेत असताना त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं, हे बारा वर्षांच्या पोराला काय सोपं आहे? पण तो उभा राहिला.

आणखी एक ठरलं, आणि मला ते सगळ्यांत आवडतं. इंजिनाचा आवाज आला की विमान कुठे आहे ते शोधत बसायचं नाही. आधी खाली यायचं, मग बघायचं. रानात आवाज कुठून येतो ते नेमकं कळत नाही, वारा फिरला की दिशा फिरते. शोधण्यात गेलेले दहा सेकंद हेच ते दहा सेकंद असतात.

पावसाळा सरत आला. भादव्यात बचत गटातली एक ताई सोयाबीन फवारायला ड्रोन घेऊन आली. महिला बचत गटांना असे ड्रोन देण्याची केंद्राची नमो ड्रोन दीदी योजना आहे, १५ दिवसांचं प्रशिक्षण त्यात असतं. तिचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरच उडतो, तेव्हा विमानाशी त्याची गाठ पडण्याचा प्रश्न नव्हता. पण वारा पडलेली सकाळ तिलाही हवी होती, कारण वाऱ्यात औषध दुसऱ्याच्या पिकावर जातं. आणि फवारणी चालू असताना वरून मॉडेल घिरट्या घालतं आहे, हे तिला चालणार नव्हतं. तिने पोराला तसं तोंडावर सांगितलं. पोरगा हसला आणि म्हणाला, ताई, तुमच्या वेळा द्या. तिला वाटलं होतं वाद होईल. ती वाद घालायच्या तयारीने आली होती.

तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दाखल्यांच्या आणि पाणीपट्टीच्या कागदांशेजारी एक पाटी लागली. खडूने लिहिलेली. फवारणी कुठल्या वावरात, किती ते किती. मॉडेल कुठे, किती ते किती. वरून विमान जाणार असेल तर त्याची वेळ. सरपंचांनी सुरुवातीला विचारलं होतं की याचा काय उपयोग, आभाळ का ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं? त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. ते रोज पाटी वाचतात.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. बाहेरगावचा एक छायाचित्रकार ड्रोन घेऊन आला. मारुतीच्या देवळापासून वरात निघणार, तिचं वरून चित्रण करायचं होतं. त्याने पेटी उघडली, तेवढ्यात पोरगा तिथे पोहोचला आणि विचारलं, किती उंच नेणार, किती वेळ?

छायाचित्रकाराला राग आला. "आभाळ काय तुमच्या बापाचं आहे का?"

"नाही ना दादा, म्हणून तर विचारून राह्यलो," पोरगा म्हणाला. "आठ-सव्वाआठच्या सुमारास इकडून एक विमान जाणार आहे. ते हजार फुटांवरून जाईल, तुम्ही चारशेच्या आत राहाल, म्हणजे काही व्हायचं नाही. पण मी आपला उतरवून ठेवतो तेवढा वेळ. तुम्हीही ठेवा. आणि समोरच्या दोन वावरांत आज फवारणी आहे, तिकडे नेऊ नका. पाटी लावलेली आहे पंचायतीवर, पाहून घ्या."

छायाचित्रकार पाटी बघायला गेला. परत आला तेव्हा त्याने ड्रोन पेटीतच ठेवला आणि नवरदेवाच्या काकांना सांगितलं, "काका, वरात साडेआठला काढू. तोवर मंडपातलं उरकून घेतो."

काका म्हणाले, "साडेआठ म्हणता तर नऊ वाजतीलच."

"वाजू द्या," तो म्हणाला आणि पोराला विचारलं, "उद्या नदीकाठी शूट आहे. तिकडची वेळ कुठे लिहायची?"